शहापुरातील पेटी-दुरुस्ती आणि गंधार ट्यूनिंग: एक अनुभव

आमच्या भजनी मंडळाची पेटी बेळगावच्या शहापूर भागातील एका लहानशा दुकानात दुरुस्तीला दिली, तेव्हा भात्याची गळती थांबावी आणि मुके झालेले दोन सूर बोलावेत, एवढीच अपेक्षा होती. कारागिरांनी मात्र आधी विचारले, "तुमची पट्टी एकच का? एकच असेल तर गंधार ट्यूनिंग करून देतो. बदलत असाल तर आहे तसंच राहू दे." नामवंत हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुरे यांच्या गावात हा प्रश्न यावा, याचे मला नवल वाटले नाही.

गंधार ट्यूनिंग म्हणजे एकच षड्ज धरून गंधारासारखे सूर त्याच्याशी नैसर्गिक प्रमाणात लावणे; म्हणूनच पट्टी बदलली की ते जुळत नाही. समान अंतराच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा लागतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरल्यास ५:४ या प्रमाणाने गंधार ३०० हर्ट्झला यायला हवा. पेटीवर तो ३०२.४ च्या आसपास येतो. फरक किरकोळ दिसतो, पण सा आणि ग एकत्र दाबले की त्यांच्या वरच्या स्वरांशांची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-दहा आंदोलने उठतात, आणि शेजारी तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार (तारेतून आपोआप उमटणारा ग) झरत असेल तर ती थरथर फारच खुपते. आमची पट्टी एकच, म्हणून गंधार ट्यूनिंग करून घेतले; आता ती थरथर गेली आहे. अभंगाच्या ध्रुपदाला आवाज पेटीत विरघळतो.

"खरा गंधार जगात कुणालाही गोडच लागणार," हे कारागिरांचे मत मात्र मला पटले नाही. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांवरील संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना खरखरीत थरथर आपल्यासारखीच नावडली, पण संवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच आवडले. इंडोनेशियातील बाली बेटावरच्या गामेलान या वाद्यवृंदात तर जोडवाद्ये मुद्दाम किंचित वेगळी लावतात, कारण तिथे त्या थरथरीतच नादाचा जीव मानतात. दुकानात एका चर्चची पायपेटीही होती. तिच्यावर स्वरमेळ सतत पट्ट्या बदलत जातात, म्हणून कारागिरांनी तिचे ट्यूनिंग समानच ठेवले होते. त्यांचे हात त्यांच्या मतापेक्षा शहाणे म्हणायचे.

पाच दिवसांचे काम बारा दिवसांनी मिळाले. खर्जाचा एक सूर अजून उशिरा बोलतो. तो आषाढीपूर्वी त्यांनाच दाखवणार आहे.