पाठभेद न लपवणारा अभ्यासवर्ग : कॅम्पातील सहा शनिवार

पुणे कॅम्पातील एका मराठी मंडळीने, म्हणजे चर्चने, ‘पवित्र शास्त्र (बायबल) विश्वसनीय का?’ या विषयावर सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला. मी एकही शनिवार चुकवला नाही. मुद्रितशोधक म्हणून माझी बरीच वर्षे गेली असल्याने नकलून काढलेल्या मजकुरात चूक कशी शिरते, हे मला नेमके ठाऊक आहे. मात्र जन्माने ख्रिस्ती असूनही हा प्रश्न मी आपल्या शास्त्राविषयी कधी विचारला नव्हता.

मंडळीच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) सुरुवात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेपासून केली, हे मला फार आवडले. ज्या शहरात १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिथे पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराच्या निरनिराळ्या पोथ्यांतील फरक, वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पोथ्या जितक्या जास्त तितके फरक जास्त, हे खरे. पण एका नकलाकाराची चूक उघडी पडते तीही इतर पोथ्यांमुळेच. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. त्यांतली बहुसंख्य मध्ययुगीन आहेत, हेही त्यांनी न विचारता सांगितले. मँचेस्टरमध्ये जपलेला, तळहातावर मावेल एवढा पपायरसचा तुकडा मात्र सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानला जातो आणि त्यावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) अठराव्या अध्यायातील काही ओळी आहेत.

जुन्या करारासाठी, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या हिब्रू भागासाठी, त्यांनी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी घेतली. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहेत सापडलेली ही सुमारे सात मीटर लांबीची गुंडाळी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली आहे, म्हणजे तोवर ज्ञात असलेल्या संपूर्ण हिब्रू पोथ्यांपेक्षा जवळजवळ हजार वर्षांनी जुनी. दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता बहुतेक फरक अक्षरलेखनाचे आणि शब्दरूपांचे निघतात. काही ठिकाणी शब्दच निराळे आहेत, पण यशयाचा संदेश ओळखू येणार नाही असे कुठेही होत नाही.

सर्वांत मोलाचा ठरला तो चौथा शनिवार. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा, पुनरुत्थित येशूच्या दर्शनांचा भाग सायनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन प्रमुख पोथ्यांत नाही, हे ऐकल्यावर एका आजींनी विचारले, “पाळकसाहेब, मग लहानपणापासून वाचलं ते खोटं का?” ते म्हणाले, “आजी, तो भाग नंतर जोडला गेला असावा, हे आपल्याच अभ्यासकांनी शोधलं आणि तळटिपेत छापलं. पुनरुत्थानाची साक्ष त्यावर अवलंबून नाही.” मग त्यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडला. येशूच्या वधस्तंभानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिताना प्रेषित पौल पुनरुत्थित येशूला पाहिलेल्या पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख करतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे सांगतो. रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, त्यांच्या शब्दाला त्या काळी फारशी किंमत नसतानाही. आणि पहिल्या मंडळीचा आधारस्तंभ असलेला शिष्य पेत्र प्रभू येशूला तीनदा नाकारतो. आपल्या सोयीसाठी कथा रचणारा माणूस असे लिहीत नाही, हा युक्तिवाद मला पटला.

कैसरियात १९६१ मध्ये सापडलेला, येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या नावाचा शिलालेख आणि टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केलेला येशूच्या मृत्युदंडाचा उल्लेख त्यांनी थोडक्यात घेतला, आणि एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही हेही बजावले. मजकूर नीट पोहोचला म्हणजे तो ईश्वरप्रेरित ठरला असे नव्हे. ती श्रद्धेची पायरी आहे, आणि येशूने स्वतः जुन्या कराराला देवाचे वचन मानले म्हणून ख्रिस्ती माणूस ती चढतो, ही त्यांची मांडणी अत्यंत प्रामाणिक होती.

उणिवा दोन. नव्या कराराची सत्तावीस पुस्तके कशी स्वीकारली गेली, हा कठीण विषय अर्ध्या तासात उरकला गेला; त्याला पूर्ण शनिवार हवा होता. शिवाय वाटलेली टिपणे इंग्रजीवरून घाईने उतरवलेली आणि अशुद्ध होती. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्या शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी कष्ट घेतले, त्या शास्त्राविषयीचे टिपण तरी निर्दोष मराठीत असायला हवे. पुढच्या वर्गाची टिपणे तपासून देण्याची तयारी मी मंडळीला कळवली आहे.