कन्सल्टंट की स्वतः? जर्मनीचे अर्ज दोन्ही तऱ्हांनी भरल्यावर

जर्मनीत मास्टर्स करायचं ठरलंय, फक्त अर्ज कुणी भरायचे इथे गाडी अडलीये, असं धरून लिहितोय. मी २०२२च्या विंटर इनटेकला (ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणारं सत्र) पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीतून अर्ज केले आणि २०२३ला स्वतः. तुलना तंतोतंत नाही. दुसऱ्या खेपेपर्यंत एपीएस, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, सक्तीचं झालं होतं, त्याचे अठरा हजार आणि ती धावपळ वेगळीच.

कन्सल्टन्सीचं चांगलं आधी सांगतो. एसओपी, म्हणजे हाच कोर्स का हवा ते सांगणारं पत्र, दोनदा तपासून दिला, फाइल नीट लावली, आणि आई-बाबांना समोर बसवून ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) समजावलं. हे शेवटचं काम मला कधीच जमलं नसतं.

शॉर्टलिस्ट मात्र खटकली. दहा नावांत सहा खासगी. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून एजंटला सहसा कमिशन मिळत नाही, खासगीवाल्यांकडून मिळतं. लबाडी होती असं म्हणणार नाही, पण यादी तिकडे झुकली होती खरी.

तरी हेही चालवून घेतलं असतं. नाही चाललं ते ईमेलचं. अर्जांसाठी माझ्या नावाचा आयडी त्यांनीच उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. मागितला की "सर आले की देतो". युनि-असिस्टकडून (बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) आलेली मेल मी पाहिली ती १५ जुलैची मुदत उलटल्यावर. माझ्या इथल्या विद्यापीठाची ग्रेडिंग स्केल, म्हणजे पास व्हायला किमान किती लागतात याचा कागद, युनि-असिस्टने मागितला होता. किरकोळ वाटतो, पण जर्मन ग्रेड काढायच्या सूत्रात हाच आकडा बसतो. माझा सीजीपीए ७.१. पासिंग ४ धरलं तर ग्रेड येते २.४५, ५ धरलं तर २.७४. जर्मनीत आकडा जितका कमी तितकी ग्रेड चांगली, आणि मला हव्या त्या कोर्सची मर्यादा होती २.५! कागद घरीच होता, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये. वर्ष गेलं.

दुसऱ्या खेपेला चार विद्यापीठं निवडली. युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, एकूण १६५. कन्सल्टन्सीला याच्या कितीतरी पट मोजले होते. मेहनत कमी होती असं नाही. जानेवारीपासूनचे बरेच रविवार मॉड्यूल हँडबुक (तिथल्या कोर्सच्या विषयांची माहिती) आणि आपला सिलॅबस ताडून बघण्यात गेले. एका ठिकाणी चुकीचा कोर्स निवडून ३० युरो घालवले, तेही माझ्याच हाताने. पण मेल रात्री अकराला आली तरी मला दिसत होती.

तुमचं वेगळं असू शकतं. यूकेला जायचं असेल तर बरेच एजंट विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत, विद्यापीठ त्यांना देतं, तिथे मीही कदाचित एजंट धरला असता. नोकरीत दहा-दहा तास जात असतील तरी समजू शकतो. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठासाठी, इंग्रजी वाचता येतंय आणि सहा महिने हातात आहेत, तर मी तरी पैसे देणार नाही.

आणि कन्सल्टन्सीत जाणार असालच, तर फी विचारण्याआधी ईमेल आयडी कुणाचा वापरणार ते विचारा. "आमचा" म्हणाले, तर चहा पिऊन निघा.