पहिली गाडी म्हणून वॅगन आर: हिशेब आणि पाच महिन्यांचा अनुभव

पहिली चारचाकी घेताना साडेसहा लाखांची मर्यादा आम्ही ऑन-रोड किमतीला (रोड टॅक्स, विमा वगैरे धरून) घातली होती, एक्स-शोरूम (नुसत्या गाडीच्या) किमतीला नव्हे, आणि या एका निर्णयामुळे पुढचे बरेच मोह टळले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने मारुती वॅगन आरचे १ लिटर इंजिनाचे व्हीएक्सआय पेट्रोल मॉडेल या मर्यादेत बसले. तरीही महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स असल्याने साडेपाच लाखांच्या गाडीवर साठ हजार रुपये तिथेच वाढतात.

विमा मात्र शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. इंजिन ९९८ सीसीचे, म्हणजे १००० सीसीच्या आतले असल्याने या विम्याचा मूळ दर ६,५२१ रुपये पडतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आम्ही बाहेरून घेतला आणि शोरूमने सांगितलेल्या रकमेपेक्षा नऊ हजार रुपये वाचले.

चार लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ८,३०० रुपये येतो, तर ७ वर्षांसाठी ६,४३५. परंतु हप्ता हलका करण्याच्या नादात व्याजापोटी बेचाळीस हजार रुपये जास्त जातात, म्हणून आम्ही ५ वर्षेच ठरवली.

सीएनजी मॉडेलचा मोह मोठा होता. रोड टॅक्समधील सवलत धरूनही ती गाडी आम्हाला ऐंशी हजारांनी महाग पडत होती आणि आमच्या भागातील दरांनुसार किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास बचत दिसत होती. आमचे रनिंग महिन्याला जेमतेम ६०० किलोमीटर असल्याने तो फरक भरून निघायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला असता, शिवाय डिकी सिलिंडरने व्यापली असती ती वेगळीच. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ये-जा करणाऱ्याने मात्र सीएनजीच घ्यावी.

गाडीचा खरा गुण तिच्या उंचीत आहे. गुडघेदुखी असलेल्या माझ्या आईला न वाकता आत बसता येते आणि कोणाचा हात न धरता उतरता येते. माझ्या दृष्टीने एवढ्यानेच पैसे वसूल झाले. ३४१ लिटरच्या डिकीत चौघांचे सामान मावते. खंबाटकीच्या चढावर पाच माणसे आणि एसी असताना खालच्या गिअरवर यावे लागते, पण १ लिटर इंजिनाकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र मन पूर्ण निश्चिंत नाही. २०२३ मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत वॅगन आरला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी १ तारा मिळाला होता. त्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. आता सहा मिळतात, ही सुधारणा महत्त्वाची आहे. तरीही ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गावर होणार आहे, त्यांनी २०२० मध्ये तेव्हाच्या निकषांनुसार ४ तारे मिळवलेली टाटा टियागो आधी चालवून पाहावी.