नाटकाआधी इटालियन जेवण: चौपाटी, मरीन ड्राइव्ह की जुहू?

नाटकाआधी जेवायचं ठरवताना आपण सहसा मेन्यू बघतो आणि घड्याळ विसरतो. माझं ठाम मत आहे की आधी नाट्यगृह बघावं, मग तिथून चालत गाठता येईल असं हॉटेल आणि सगळ्यात शेवटी चव. तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधणाऱ्यांमुळे रंगमंचावरच्या नटांचा सूर तुटतो. ते टाळता येण्यासारखं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दक्षिण मुंबईत स्वस्तात भागवायचं असेल तर प्रश्न मुख्यतः दोन ठिकाणांचा आहे: गिरगाव चौपाटीसमोरचं न्यूयॉर्कर आणि मरीन ड्राइव्हवरचं पिझ्झा बाय द बे.

न्यूयॉर्करला शंभर टक्के इटालियन म्हणता येणार नाही. पिझ्झा-पास्त्याच्या शेजारी नाचोज आणि मेक्सिकन पदार्थही असतात, आणि सगळं शाकाहारी. पातळ कडांचा, टोमॅटोचा आंबटपणा जाणवणारा पिझ्झा ज्यांना हवा त्यांना इथलं चीज जरा जास्त वाटेल. पण आई-बाबा, आत्या आणि कॉलेजातली मुलं एकाच टेबलावर बसणार असतील, तर इथे कुणी उपाशी राहत नाही आणि बिलही आवाक्यात राहतं. अंतर हा मोठा फायदा. रॉयल ऑपेरा हाउस आणि केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर ही दोन्ही नाट्यगृहं इथून चालत जाण्यासारखी आहेत. रविवारी संध्याकाळी मात्र चौपाटीवर माणसांचा पूर लोटतो आणि टेबलासाठी थांबावं लागतं. शनिवार-रविवारचा प्रयोग असेल तर जेवण आणि तिसरी घंटा यांत किमान दोन तास ठेवा.

पिझ्झा बाय द बे मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर, सूना महाल या आर्ट डेको शैलीतल्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या ज्या समूहाला 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातच ही इमारत येते. पूर्वी याच जागी ‘जॅझ बाय द बे’ होतं, जुन्या मुंबईकरांना ते आठवत असेल. इथे सामिष आणि शाकाहारी दोन्ही मिळतं, पिझ्झा न्यूयॉर्करपेक्षा इटलीच्या जवळ जाणारा आहे आणि समोर समुद्र आहे. त्या समुद्राचे पैसेही बिलात येतात, म्हणून चौघांच्या कुटुंबाला मी हे सुचवणार नाही. दोघांनी मिळून एक पिझ्झा आणि एक सॅलड घेतलं, तर खर्च सोसतो. सगळ्यात मोठी सोय म्हणजे हे हॉटेल नाश्त्यापासून रात्रीपर्यंत चालू असतं. मुंबईतली बरीच चांगली इटालियन हॉटेलं दुपारचं जेवण आटोपलं की बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडतात. सातचा प्रयोग असेल तर त्यांचा काय उपयोग? नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या नाट्यगृहात जायचं असेल तर साडेपाचला इथे बसा. नंतर समुद्राच्या कडेकडेने वीसेक मिनिटं चाललं की नरिमन पॉइंट.

एनसीपीएच्या आजूबाजूला पंचतारांकित हॉटेलांतली इटालियन रेस्टॉरंट्सही आहेत. स्वस्ताच्या हिशेबात ती बसत नाहीत, आणि त्याला करही कारण आहे. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के लागतो. ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांवर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के. म्हणजे 2,000 रुपयांच्या जेवणावर एकीकडे 100 रुपये आणि दुसरीकडे 360. सेवा शुल्काचंही लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना योग्य ठरवल्या. बिलात दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. वेटरने मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात टिप द्या, ती खरी त्याची.

काय मागवायचं, यावरही वेळ ठरते. रिझोटो नीट केला तर तांदूळ शिजायला अठरा-वीस मिनिटं लागतातच. पाच मिनिटांत आला तर तो आधीच शिजवून ठेवलेला आहे असं समजा. घाईत तो नकोच. लाकडाच्या भट्टीतला नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो, साध्या विजेच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं जातात. लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा ॲग्लिओ ओलिओ किंवा तिखट टोमॅटो सॉसचा अराबियाटा पास्ता झटपट होतो आणि पोटाला हलकाही असतो. क्रीम आणि चीजने भरलेला पास्ता खाऊन अंधाऱ्या, थंड प्रेक्षागृहात बसलं की पहिल्या अंकातच डोळे मिटायला लागतात. तो बेत नाटक नसलेल्या दिवसासाठी ठेवा. पैसे वाचवायचे तर गार्लिक ब्रेड आणि मॉकटेल आधी गाळा. बिल त्यांनीच फुगतं.

दादरला शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिर असेल, तर इटालियनचा हट्टच धरू नये असं मला वाटतं. तिथे थालीपीठ, मिसळ, इडली स्वस्त आहे, लवकर मिळते आणि उत्तम असते. पिझ्झ्यासाठी लोअर परळच्या मॉलमध्ये जाऊन परत दादर गाठायचं म्हणजे सेनापती बापट मार्गावरच्या गर्दीत जेवणाची मजा घालवणं.

पृथ्वीचं गणित वेगळं. जुहूच्या या छोट्या नाट्यगृहात साधारण दोनशे माणसं मावतात, खुर्च्यांना क्रमांक नसतात आणि उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत. चांगली जागा हवी तर आधीच रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून आधी पूर्ण जेवण इथे जमत नाही. जुहू-अंधेरी पट्ट्यात लिटल इटलीसारखी शाकाहारी इटालियन आणि अंधेरीला चीजने ओथंबलेल्या पिझ्झ्यासाठी नावाजलेलं जोईज पिझ्झा आहे; दोन्ही प्रयोगानंतरसाठी ठेवा. आधी पृथ्वीच्याच कॅफेत चहाबरोबर थोडं खा. फक्त घरून निघण्यापूर्वी हॉटेलला फोन करून शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात ते विचारून ठेवा, कारण नाटक लांबलं तर स्वयंपाकघर तुमच्यासाठी थांबत नाही.