मुलाच्या झडपेची शंका: स्टेथोस्कोप, छोटा इको की पूर्ण टूडी इको?

शाळेच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, 'हृदयात आवाज येतोय, दाखवून घ्या.' किंवा एखाद्या शिबिरात खिशात मावणाऱ्या छोट्या इको यंत्रावर (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) 'व्हॉल्व्ह थोडा लीक आहे', म्हणजे झडपेतून गळती आहे, असं निघालं. आता या एका वाक्यावर किती विसंबायचं? हा निर्णय दोन्ही बाजूंनी महाग आहे. रुमॅटिक हृदयविकाराचं निदान झालं की दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आणि खरा आजार निसटला तर काहीही त्रास न जाणवता झडप खराब होत राहते.

हा रुमॅटिक आजार सुरू होतो घशातून. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे एकामागून एक सुजतात. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच झडपांवर उलटते, त्यातही सर्वांत आधी बहुधा मायट्रल झडपेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना धोका जास्त. कित्येकांना ताप आल्याचं आठवतही नाही.

स्टेथोस्कोपपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची वाट तिथूनच जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबोडिया आणि मोझांबिकमधली शाळकरी मुलं आधी कानाने आणि मग इकोने तपासली. कंबोडियात कानाने 8 मुलं सापडली, इकोने 79. मोझांबिकमध्ये 5 विरुद्ध 66. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या सहा हजारांहून अधिक मुलांच्या तपासणीतही तेच दिसलं: वैद्यकीय तपासणीत हजारी एकाहून कमी, इकोवर हजारी वीस. उलट बाजूही आहे. धडधाकट मुलांच्या छातीतही निरुपद्रवी मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, अनेकदा ऐकू येतो. म्हणजे नुसत्या आवाजावरून आजार आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. शाळेच्या तपासणीत 'दाखवून घ्या' अशी चिठ्ठी मिळाली तर ती इकोपर्यंत न्यायची, एवढाच तिचा अर्थ.

रक्तातल्या एएसओ तपासणीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. आकडा वाढला याचा अर्थ अलीकडे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला, बस. ताप आणि सांधेसूज असलेल्या मुलात तो पुरावा म्हणून लागतो, पण झडपेबद्दल तो काहीच सांगत नाही. नुसते पाय दुखतात आणि एएसओ जास्त आहे, एवढ्यावर मुलाला महिनोन्महिने पेनिसिलिन टोचणं चुकीचं आहे. तसं सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता पूर्ण टूडी इको, म्हणजे मोठं यंत्र, डॉप्लर (रक्ताच्या प्रवाहाची दिशा आणि वेग दाखवणारी सोय) आणि मुलांची हृदयं रोज पाहणारा डॉक्टर. इथे निकष ठरलेले आहेत. वर्ल्ड हार्ट फेडरेशनच्या 2012 च्या निकषांनुसार (2023 मध्ये ते सुधारले गेले) मायट्रल गळती आजाराची मानायची तर चारही गोष्टी जुळाव्या लागतात: ती दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसली पाहिजे, निदान एका कोनात तिची लांबी 2 सेंटीमीटर किंवा जास्त हवी, वेग सेकंदाला 3 मीटर किंवा त्याहून अधिक हवा आणि हृदय आकुंचन पावत असताना ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू हवी. एवढ्यावरही आजार पक्का होत नाही. झडपेच्या घडणीतले किमान दोन बदल सोबत लागतात, उदाहरणार्थ झडपेचं पुढचं पान (पडदा) 3 मिलिमीटर किंवा जास्त जाड होणं, त्याला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या जाड होणं, पानाची हालचाल अडणं. गळती आहे पण घडण ठीक, तर निदान 'बॉर्डरलाइन'. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'ट्रिव्हियल एमआर' किंवा 'माइल्ड एमआर' (एमआर म्हणजे मायट्रल गळती) असेल आणि पानांच्या जाडीचा उल्लेखच नसेल, तर तो रिपोर्ट या प्रश्नाचं उत्तर देत नाही. निरोगी मुलांमध्येही किंचित गळती दिसते.

पूर्ण इकोही चुकतो. यंत्राचं गेन, म्हणजे चित्राची तीव्रता, वाढवलं तर पान असतं त्याहून जाड भासतं, रंगाच्या डॉप्लरची वेगमर्यादा खाली ठेवली तर गळती मोठी दिसते. जन्मजात दोष असलेली मायट्रल झडप, प्रोलॅप्स (झडपेचं पान मागे फुगणं), दोनच पानांची महाधमनीची झडप, या सगळ्यांतून गळती होते आणि त्यांचा रुमॅटिकशी संबंध नसतो. सर्वांत जास्त मतभेद बॉर्डरलाइन रिपोर्टवर होतात. तिथे दुसऱ्या अनुभवी डोळ्यांनी तेच रेकॉर्डिंग पाहणं मला आवश्यक वाटतं.

छोट्या यंत्राचं बलस्थान म्हणजे ते गावापर्यंत पोचतं आणि प्रशिक्षित परिचारिकाही ते वापरू शकते. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली अशा यंत्रांचीही नोंदणी लागते. बहुतेक छोट्या यंत्रांत गळतीचा वेग मोजता येत नाही, त्यामुळे वरच्या चारपैकी सगळ्या गोष्टी तपासता येत नाहीत. अभ्यासांत ही यंत्रं आजारी मुलांपैकी साधारण 80 टक्के पकडतात आणि निरोगी मुलांपैकी 90 टक्क्यांच्या आसपास मुलांना बरोबर निरोगी म्हणतात. ऐकायला छान, पण हिशेब मांडून पाहा. हजार मुलं तपासली, त्यांत वीस खरी आजारी. सोळा सापडतील, चार सुटतील. उरलेल्या 980 निरोगी मुलांपैकी सुमारे 98 जणांनाही 'दोष आहे' असा शेरा मिळेल. म्हणजे शेरा मिळालेल्या दर सात मुलांत खरं आजारी मूल साधारण एकच. म्हणूनच वर्ल्ड हार्ट फेडरेशनच्या 2023 च्या सुधारित मार्गदर्शनात दोन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी सोप्या निकषांची चाळणी, मग पूर्ण इकोवर खात्री.

एवढी धडपड का करायची, याचं उत्तर युगांडातल्या गुलू भागातून आलं. तिथे एक लाखाहून अधिक मुलं तपासून सुप्त, म्हणजे त्रास न जाणवता फक्त इकोवर दिसलेल्या, आजाराची 818 मुलं निवडली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिलं. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत 0.8 टक्के मुलांचा आजार वाढला होता, न घेणाऱ्यांत 8.2 टक्के. लवकर सापडण्याचा फायदा खरा आहे. मात्र इंजेक्शनाविनाही बहुतेकांचा आजार त्या दोन वर्षांत वाढला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. बॉर्डरलाइन मुलाला लगेच इंजेक्शन सुरू करायचं की ठरावीक काळाने इको करत राहायचं, यावर डॉक्टरांशी नीट बोलायला म्हणूनच जागा आहे. घरात आणखी कुणाला हा आजार असेल तर ते आवर्जून सांगा.

माझं मत असं. मुलाला काही त्रास नाही आणि शिबिरातल्या छोट्या यंत्रावर सगळं ठीक आलं, तर निर्धास्त राहायला हरकत नाही. दोष दिसला, तर पूर्ण इको होईपर्यंत मुलाचं खेळणं, शाळा थांबवू नका आणि त्याच्यादेखत 'हृदयाचा पेशंट' हे शब्द उच्चारू नका. पण ताप, सुजलेले सांधे, धाप किंवा हातापायांच्या अनावर हालचाली असतील, तर छोट्या यंत्राचा 'नॉर्मल' शेरा बाजूला ठेवून थेट पूर्ण इको करा. अशा मुलात पहिला इको स्वच्छ आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावा लागतो, कारण झडपेची सूज उशिराही दिसू शकते.

खर्चाची अडचण असेल तर शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा. रुमॅटिक हृदयविकार त्यांच्या यादीत आहे आणि पुढच्या तपासणीसाठी ते पाठवतात. जाताना आधीचा इको झाला असेल तर नुसता कागद नव्हे, रेकॉर्डिंगची सीडी किंवा पेनड्राइव्हही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना झडप स्वतः पाहता येते आणि वर्षभरात काय बदललं ते त्यावरूनच कळतं.