खानदेशचा काळा दगड: जोत्याला एक नंबर, अंगणात जपून

बांधकामाला क्वार्टझाइट नावाचा कठीण दगड राजस्थानातून मागवण्याआधी धुळे-जळगावकडच्या खाणींतला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, जरूर बघा. जोतं, कुंपण, विहिरीचं बांधकाम यांत त्याला तोड नाही, आणि लांबचं भाडंही वाचतं.

मात्र एकाच खाणीत दोन प्रतींचा माल निघतो. भोकांचा, लालसर, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड स्वस्त मिळतो, पण तो पाणी पितो आणि लवकर झिजतो. घट्ट दगड हातोडीखाली खणखणतो. शंका असेल तर कोरडा तुकडा तोला, 24 तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन 5 टक्क्यांहून जास्त वाढलं तर गाडी परत पाठवा.

ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण ढिगात पोकळ्याही मोजल्या जातात. मागणी त्या हिशेबाने द्या. दगड भिजवून 1:6 मसाल्यात, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, लावा. भिंतीच्या दर अर्ध्या चौरस मीटरला एक आरपार, म्हणजे दोन्ही तोंडांपर्यंत पोचणारा, दगड हवाच. गवंडी नेमका तोच टाळतात आणि भिंतीचं पोट सुटतं. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्या.

अंगणाला टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीने खडबडीत केलेलाच दगड घ्या, गुळगुळीत दगडावरून पावसात पाय घसरतो. मे महिन्यात मात्र त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.