ब्रेस्ट लिफ्टला ८ महिने झाले: सपोर्ट ब्रा २ हव्यात, आधीच ठरवून घ्या

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. दोन बाळंतपणं, त्यात १८ किलो वजन उतरवलेलं, त्यामुळे छातीची नुसती कातडी लोंबत होती. आता सगळं जागच्या जागी आहे आणि मी मनापासून खूश आहे. पण सपोर्ट ब्राचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं.

६ आठवडे रात्रंदिवस घालायची, फक्त आंघोळीला काढायची, असं सांगितलं. आणि पॅकेजमध्ये दिली एकच! सोलापुरात एप्रिलला पारा चाळिशीपार जातो. तासाभरात कापड चिंब, आणि टाके नेमके स्तनाखालच्या घडीत. ती धुवायला टाकली तर अंगावर काय घालायचं? दुसरीचे २,४०० रुपये पडतील म्हणाले. कॉस्मेटिक म्हणून विम्याचा एक पैसा मिळाला नव्हता, वर बिलावर १८ टक्के जीएसटी. मी रिसेप्शनवर कडाकडा भांडले आणि नव्या पेठेतून ३५० रुपयांची, पुढून हुक असलेली ब्रा आणली.

तिथे मात्र मी चुकले. तिची खालची शिवण बरोबर टाक्यांवर घासायची आणि इलास्टिक पंधरवड्यात सैल पडलं. तिसऱ्या आठवड्यात उभे आणि आडवे टाके जिथे मिळतात तिथे तुरीच्या डाळीएवढं उघडलं. मी रडकुंडीला आले. डॉक्टर म्हणाले, तिथे कातडीला ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून ती जागा अनेकींची उशिरा भरते. ब्रामुळेच झालं असं नाही. दोन आठवडे ड्रेसिंग केल्यावर भरलं. शेवटी २,४०० मोजलेच. ब्रा उत्तम आहे, अजून ताण धरून आहे. मग ती पहिल्याच बिलात का धरत नाहीत? एका कपड्यावर कुणी ६ आठवडे काढतं का?

दुखणं सोसवलं, आठवड्यात गोळ्या सुटल्या. जड उचलायला बंदी मात्र आपल्याकडे फार जाचते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. हंडे-बादल्या सासूबाईंनी आणि थोरल्याने भरल्या. भाकरी थापणंही महिनाभर बंद. घरात हाताखाली कुणी असेल तेव्हाचीच तारीख घ्या.

आकार वाढेल असं धरून जाऊ नका. जादा कातडी काढून निपल वर आणतात, वरचा भाग आपोआप भरत नाही. पुन्हा बाळंतपण किंवा वजनाची चढउतार झाली तर परत ओघळू शकतं. निपलभोवती, तिथून खाली आणि घडीत असे व्रण माझे चार महिने लालभडक होते, खाजायचेही. आता फिकट झालेत.

डाव्या निपलची संवेदना अजून पुरती परतलेली नाही. काहींची कायमची कमी राहते, हे सहीच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचून सही केली होती. त्या चार पानांत ब्राबद्दल एक शब्द नव्हता.